आधी दाभण, मग मशीन

आमच्या भावकीत एक घर आहे. त्या घराच्या सोप्यात एक शिलाई मशीन होतं. पायमशीन, काळं कुळकुळीत, अंगावर सोनेरी वेलबुट्टी. त्याच्यावर बसून कुणी शिवताना मी कधी बघितलं नाही. वर तांदळाचा डबा, डब्यावर लाइटची बिलं आणि खाली पायडलवर पोरांची दप्तरं. एका पावसाळ्यात वरचं कौल सरकलं आणि चाकावर तांबेरा चढला, गव्हावर चढतो तसा. तरी कुणाच्या लक्षात आलं नाही.

घर माझ्या चुलत पुतण्याचं. पुतण्या अपघातात गेला. मागं बायको आणि दोन लेकरं. पाऊण एकर भात, त्यातलं निम्मं उताराचं. अशात एका कार्यक्रमात तिला मशीन मिळालं, फुकट. मांडव होता, हार होते, माईक होता. मशीनवर हात ठेवून सगळ्यांनी फोटो काढला. त्या फोटोत मागच्या रांगेत फेटा बांधून मीही उभा आहे. तिचा अर्जसुद्धा मीच भरून दिला होता. त्यामुळं हा लेख लिहिताना पहिला धोंडा माझ्याच टाळक्यात बसणार, हे मला ठाऊक आहे. बसू दे.

मशीनच्या आधी पंधरा दिवसांचा क्लास झाला होता. पहिल्याच दिवशी मशीनवर बसवलं. आठव्या दिवशी ब्लाऊजची मापं फळ्यावर. पंधराव्या दिवशी सर्टिफिकेट. गल्लीतल्या एका बाईनं मोठ्या मायेनं दिवाळीचं ब्लाऊजपीस आणून दिलं, साटीनचं, झुळझुळीत. पोरीनं रात्रभर जागून ते बेतलं, कापलं, शिवायला घेतलं आणि सकाळी बघितलं तर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या! उजव्या हाताला दोन बाह्या, डाव्याला एकही नाही. उसवायला गेली तर साटीनवर सुईची भोकं तशीच राहिली आणि कडेचे धागे निसटून चिंध्या लोंबायला लागल्या. त्या कापडाचे पैसे तिनं दुसऱ्याच्या शेतात भांगलण करून भरून दिले. गावात बातमी अशा गोष्टीचीच पसरते. नंतर तिच्याकडं कुणी पोलक्याचं कापड तर सोडाच, उशीचा अभ्राही आणला नाही.

एक दिवस ती माझ्याकडं आली.

"तात्या, गिऱ्हाईक बघा. मशीन इकून टाकायचं हाय."

"का गं पोरी?"

"मला न्हाई जमत ते. माझा हातच तसला हाय."

त्या "माझा हातच तसला" नं माझं डोकं फिरलं. हाच हात पहाटे चुलीपुढं गोल भाकरी थापतो. हाच हात चिखलात वीतभर अंतरानं रोप लावत जातो आणि ओळ सुतात राहते. तो हात वाईट कसा? हात चांगला आहे, त्याला शिकवायची रीत नासकी आहे. माझं सगळं भांडण त्या रीतीशी आहे.

तुम्ही म्हणाल, हा नांगर धरणारा, दहावी शिकलेला माणूस शिवणकामात कशाला तोंड घालतो? तर सांगतो. ज्या शेतकऱ्यानं भाताची पोती भरली, त्यानं पोतं शिवलेलं आहे. दाभणात सुतळी ओवायची, पोत्याचं तोंड दुमडायचं, दोन कोपऱ्यांना कान काढायचे आणि टाके घालत जायचं. टाका सैल पडला तर बैलगाडीतनं दाणं सांडायचं आणि लांब पडला तरी सांडायचं. युरियाची रिकामी पोती उसवून, जोडून आम्ही खळ्यावर अंथरायचं पाल शिवलं आहे. बैलाची झूल शिवली आहे. एवढं करून संध्याकाळी शर्टाचं बटण तुटलं की आम्हीच बायकोला हाक मारतो, "जरा लावून दे गं, मला कुठं येतंय?" खोटं बोलतो आपण. दाभण चालवणाऱ्याला सुई येत नाही होय?

मला सुई शिकवली आईनं. आम्ही चार भाऊ, बहीण नाही. आईला वाकळ शिवायला जोडीदार हवा असायचा आणि मी तिसरा, म्हणून माझ्याकडं कुणाचं लक्ष नसायचं. उन्हाळ्यात, कामं जरा हलकी झाली की सोप्यात तिचं जुनं लुगडं अंथरायचं. चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, पायली असं वजन ठेवून ते ताणायचं. त्यावर बाबांच्या धोतराची धडपी, आमच्या चड्ड्या-सदऱ्यांचे तुकडे. बटणं आधीच काढून डबीत टाकलेली. शिवण असेल तिथं उसवून सपाट केलेलं, कारण आत गाठ राहिली की पाठीला टोचते. वरनं दुसरं लुगडं. मग लांब लांब कच्चे टाके घालून सगळे थर एकमेकाला धरून ठेवायचे आणि नंतर कडेपासून आत धावदोरा घालत यायचं. एका बाजूला आई, एका बाजूला मी. तिचा दोरा शेताच्या बांधासारखा सरळ, माझा बैलाच्या मुतासारखा नागमोडी. ती हसायची, पण उसवायला लावायची नाही.

"ऱ्हाऊ दे. वाकळेत सगळं खपतंय. फुडच्या वळीला सुधार."

या एका वाक्यात आख्खं शिवणशास्त्र आहे. शिकणाऱ्याला असं काम द्यावं की ज्यात चूक खपते आणि पुढची ओळ लगेच हाताशी असते. वाकळेत अशा शेकडो ओळी असतात. पहिली वाकडी, पन्नासावी बरी, दोनशेवी सरळ. वाकळ पुरी होईस्तोवर हात आपोआप वळलेला असतो, आणि पावसाळ्यात पांघरायला ऊबही तयार असते. सर्टिफिकेट काही मिळत नाही.

आता या रीतीला आजच्या रीतीशी ताडून बघा. तीन ठिकाणी उलटं चाललंय.

पहिलं कापडाचं. नवशिक्याच्या हातात नवं, महाग आणि निसरडं कापड देतात. साटीन, जॉर्जेट, नायलॉन ही कापडं जुन्या कारागिराला सुद्धा घाम फोडतात. ती कात्रीखाली सरकतात, मशीनच्या दातांत एक पदर पुढं जातो आणि एक मागं राहतो, कडा निसटतात, घडी बसत नाही. नवशिक्याचं कापड म्हणजे सुती. साधं मांजरपाट, पॉपलीन, केंब्रिक, नाहीतर सगळ्यात चांगलं म्हणजे घरातलं जुनं धोतर, जुनी चादर. सुती कापडावर नखानं घडी मारली तरी ती बसते, इस्त्रीसुद्धा लागत नाही. टाका चुकला तर उसवा आणि पाण्यात बुडवून काढा, सुईची भोकं पुष्कळशी बुजून जातात. सुती कापड चूक पोटात घालतं. साटीन जन्मभर लक्षात ठेवतं.

दुकानदार सुती म्हणून काहीही खपवतो. त्याची परीक्षा अगदी सोपी. कडेचे दोन धागे ओढा आणि चुलीपाशी नेऊन पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, वास कागदाचाच येतो आणि राख बोटात चुरते. टेरिलीन असेल तर धागा आकसतो, वितळतो आणि टोकाला कडक मणी धरतो. एवढं बघितलं की दुकानदाराच्या शपथेची गरज नाही.

आणि नवं सुती कापड कापायच्या आधी रात्रभर भिजत घाला आणि वाळवा. ते आटतं. शिवल्यावर आटलं तर कपडा अंगाला होत नाही आणि दोष शिवणाऱ्याच्या नावावर जातो. बेतताना उभा धागा कुठला, आडवा कुठला हे बघा. कापडाच्या बांधीव काठाला समांतर जातो तो उभा. हातानं ओढून बघितलं की उभ्या धाग्यात कापड कमी ताणतं, आडव्यात जरा जास्त आणि तिरपं ओढलं तर रबरासारखं येतं. पिशवीचा बंद तिरपा कापला तर दोन किलो कांदे घातल्यावर तो गुडघ्यापर्यंत लोंबतो. हे कळायला फळ्यावरची आकृती नको, जुन्या धोतराचा तुकडा आणि दोन हात पुरेत.

माझी स्वतःची एक युक्ती सांगतो. शिकताना चौकड्याचं कापड घ्यावं. जुनी चौकड्याची लुंगी असली तर सोनंच. तिच्या रेघांवरनं कात्री चालवा, रेघांवरनं टाका घाला. पट्टी नको, खडू नको. आणि दोरा कापडाच्या रंगाचा घेऊ नका. पांढऱ्यावर लाल, निळ्यावर पांढरा असा घ्या. चूक दिसली पाहिजे. रंगात रंग मिसळून चूक लपवायची विद्या नंतर शिकावी.

कापडाच्या बाबतीत मला जास्त राग येतो तो यासाठी, की कापड ही आपल्याच जिल्ह्याची चीज आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात सूतगिरणी काढली ती १९०६ साली. त्याच्याही आधी, १९०४ साली, इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला. आज तिथं धोतरं, पॉपलीन, केंब्रिक विणणारे माग रात्रंदिवस खडखडतात. एवढं सुती कापड उशाला असताना आमच्या पोरी शिकणार कशावर, तर परराज्यातनं आलेल्या साटीनवर!

दुसरं उलटं आहे ते अवजाराचं. आधी मशीन, हातशिलाई नंतर किंवा कधीच नाही. नांगर धरायच्या आधी पोरगं खुरपं धरतं. ट्रॅक्टरवर बसायच्या आधी त्याला जमिनीची ओल कळावी लागते. मग शिवणातच आधी इंजिन कशाला? मशीन म्हणजे वेगानं चालणारा हात. हातालाच कुठं जायचं ते माहीत नसेल तर मशीन चूकही वेगानंच करणार.

हातशिलाईचे चार टाके आले की घरातलं निम्मं काम भागतं. कच्चा टाका धरून ठेवायला. धावदोरा जोडायला. टीप घालायची ती मजबुतीला, म्हणजे सुई एक पाऊल मागं घेऊन दोन पावलं पुढं काढायची. आणि कड मुडपून घालायची ती हातशिलाई, जी उलट्या बाजूनं दिसते आणि सुलट्या बाजूनं दिसत नाही. दोरा हाताच्या लांबीएवढाच घ्यायचा. "लांब दोरा घेतला की गुत्ता सोडवण्यात दिस जातोय," असं आई म्हणायची. मग बटण लावायला शिकायचं. बटण कापडाला घट्ट चिकटवू नये, खाली काडीएवढी जागा ठेवून दोऱ्याची मान करावी, नाहीतर काजात घालताना कापड ओढतं आणि बटण लवकर तुटतं.

आणि या सगळ्याच्या आधी, उसवायला शिकावं. हसू नका. बाबांचा जुना सदरा घ्यायचा आणि ब्लेडनं एकेक टीप सोडत जायचं. कॉलर कशी बसवली, बाहीचा गोल कुठं खोल आहे आणि कुठं उथळ, खिसा कुणाच्या आधी लावला, सगळं समोर येतं. बाहीचा पुढचा गोल मागच्यापेक्षा जास्त खोल असतो. म्हणून कापड दुहेरी घडी घालून दोन्ही बाह्या एकदम कापल्या तर एक उजवी निघते आणि एक डावी. एकेरी कापडावर एकच कागद दोनदा तसाच ठेवून कापल्या तर दोन्ही एकाच हाताच्या. आमच्या पोरीचं हेच झालं होतं. पंधरा दिवसांत एकदा जरी तिनं कुणाचा जुना सदरा उसवला असता तर भांगलणीचे ते दिवस वाचले असते.

उसवल्यावर आणखी एक गोष्ट कळते, ती म्हणजे माया. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला आपल्याकडं मायाच म्हणतात. आमच्या लहानपणी दिवाळीला एकाच ताग्यातनं चार भावांचे सदरे निघायचे. गावातल्या शिंप्याला आईची एकच ताकीद असायची, "माया भरपूर सोडा." पोरगं वाढलं की उसवून सदरा सैल व्हायचा आणि मग धाकट्याला यायचा. आताच्या रेडीमेडला आत बोटभरसुद्धा माया नसते. उसवलं की संपलं.

तिसरं उलटं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात खोल. शिवण म्हणजे पोरींचं काम. मी दहावी झालो १९७६ ला. दहावीची बोर्ड परीक्षा सुरू होऊन एकच वर्ष झालं होतं. आमच्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला पोरं वाफे करायला मागच्या अंगणात आणि पोरी शिवण घेऊन वर्गात. मला वर्गात बसायचं होतं, कारण माझं वाकळेवर दोन उन्हाळे काम झालेलं होतं. मी गुरुजींना तसं म्हणालो. आख्खा वर्ग हसला. गुरुजीही हसले. मी वाफे करायला गेलो आणि पुढं चाळीस वर्षं सुई घरात लपून धरली, दार लोटून. आपल्याला येतं ते येत नाही असं दाखवत जगलो. याची मला आज लाज वाटते, त्या हसण्याची नव्हे.

आणि हे कुठल्या गावात? गारगोटीत! जिथं जे. पी. नाईकांनी १९५२ साली मौनी विद्यापीठ उभं केलं, खेड्यातल्या पोरापोरींचं शिक्षण खेड्याच्या कामाशी जोडावं म्हणून. त्याच्याही आधी १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली आणि हातानं करायचं काम शिक्षणाच्या मध्यावर ठेवलं. त्यात हे पोराचं आणि हे पोरीचं अशी कामाची वाटणी करून ठेवायला कुणी सांगितलं नव्हतं. ती आपण केली.

शिवण बायकांचं म्हणणाऱ्यांनी बाजारपेठेत जाऊन बघावं. पैसे घेऊन शिवणारे टेलर बहुतेक पुरुषच. नामदेव महाराज शिंप्याच्या घरातले, त्यांच्या पदांत गज आणि कात्री येते. आमच्या भागातली किती पोरं लष्करात आहेत. सुट्टीवर आलेला जवान स्वतःचं बटण स्वतः लावतो, त्याला कुणी हसत नाही. म्हणजे शिवणानं पैसा मिळाला तर ते पुरुषाचं, गणवेश असला तरी पुरुषाचं आणि घरात फुकट करायचं असलं की तेवढं बायकांचं. असा हा हिशोब आहे.

आता माझ्याशी वाद घालणारे काय म्हणतात तेही सांगतो. पहिला माझा थोरला मुलगाच. तो पुण्याला असतो. तो म्हणतो, "आण्णा, दोनशे रुपयाला शर्ट मिळतोय, शिवत कोण बसतंय?" खरं आहे. मी काही घरात शर्ट शिवा म्हणत नाही. पण त्या दोनशेच्या शर्टाची शिवण तीन महिन्यांत उसवते आणि हातभर दोऱ्याचं काम असताना तो शर्ट गाडी पुसायला जातो. वर्षाला असे चार शर्ट धरा. शिवण येत नाही म्हणून आपण नवं विकत घेतो आणि त्याला सुधारणा म्हणतो.

दुसरे म्हणतात, तुम्हाला मशीनच नको, तुम्ही मागं नेताय. साफ चूक. मशीनसारखी सोय नाही. यंत्रांवर एवढी टीका करणाऱ्या गांधीजींनीसुद्धा सिंगरच्या शिलाई मशीनला त्यातनं वगळलं होतं. बायकोचे टाके घालण्याचे कष्ट बघून सिंगरनं ते केलं असं ते म्हणाले. म्हणजे टाके घालून दमलेल्या हातासाठी मशीन आहे. ज्या हातानं अजून टाकाच घातला नाही त्याला ते ओझं होतं.

तिसऱ्या क्लास घेणाऱ्या बाई. त्या माझ्यावर रागावल्या होत्या. म्हणाल्या, "पंधरा दिवस दिलेत, वीस बायका आणि चार मशीन. मी धावदोरा शिकवत बसले तर बायकाच म्हणतात, हे आम्हाला येतंय, ब्लाऊज दाखवा." त्यांचंही खरं आहे. दोष एकट्या बाईंचा नाही. पंधरा दिवस ठरवणाऱ्याचा आहे, आणि पंधरा दिवसांत ब्लाऊज मागणाऱ्या आपलाही आहे. रोप लावून पंधरा दिवसांत भात मागितलं तर शेत काय देणार?

केंद्राची विश्वकर्मा योजना २०२३ ला सुरू झाली. त्यातल्या अठरा कामांत शिंपीकामही आहे. ती आधीपासून हातानं काम करणाऱ्यांसाठी आहे. पाच-सात दिवसांचं मूळ प्रशिक्षण आणि अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत. ज्याचा हात आधीच वळलेला आहे त्याला एवढं पुष्कळ. पण कोऱ्या हाताला पाच-सात दिवसांत कुणी कारागीर करू शकत नाही, हे आपण गावात उघड बोललं पाहिजे. अर्ज भरायच्या आधी बोललं पाहिजे. मी नव्हतो बोललो.

तर त्या पोरीला मी म्हणालो, "गिऱ्हाईक बघतो, पण आधी एक उन्हाळा माझं ऐक." तिला वाटलं म्हातारा चळला. तरी ऐकलं. पहिले पंधरा दिवस नुसतं उसवणं. मग माझ्या जुन्या लुंगीची पिशवी, हातशिलाईची. आमची घरची कारभारीण बाजूला बसून बघायची आणि म्हणायची, "ह्यो माणूस सुई धरतोय, हे मला चाळीस वरसात कळलं न्हवतं!" पिशवीनंतर उशीचा अभ्रा. त्यानंतर भावकीत बाळंतपण होतं म्हणून धोतराच्या मऊ पट्ट्याचं झबलं आणि दुपटं. झबलं नवशिक्यासाठी फार चांगलं. कापड थोडं, शिवणी सरळ, आणि घालणाऱ्याची तक्रार नसते.

मग मशीन उघडलं. तांबेरा रॉकेलच्या फडक्यानं पुसला, दातांतला कचरा काढला, तेल घातलं, पट्टा सैल झाला होता तो कापून आखडला. पहिले चार दिवस दोरा न ओवता नुसतं पायडल. चाक उलटं फिरलं की दोरा तुटतो, म्हणून पायाला आधी सवय पाहिजे. मग पोराच्या वहीचा कागद सुईखाली घालून रेघेवरनं चालवायचं, बिनदोऱ्याचं. त्यानं सुई बोथट होते, म्हणून कापडाला नवी सुई घ्यायची. साध्या सुती कापडाला चौदा किंवा सोळा नंबरची, जाड कापडाला अठरा. आम्ही त्या मशीनवर पहिल्यांदा काय शिवलं सांगू? फाटलेलं दप्तर, जे दोन वर्षं त्याच मशीनच्या पायडलवर पडून होतं.

आज तिचं काय चाललंय ते जसं आहे तसं सांगतो. ती मोठी टेलर झालेली नाही. सगळ्यांची ब्लाऊजं ती अजून घेत नाही. साटीन तर हातात धरत नाही. पण साडीला फॉल लावते, पॅन्टची चेन बदलते, उसवलेलं शिवते, गणवेशाची लांबी कमी-जास्त करते, दप्तरं शिवते. गावात नवशिक्याला नवं कापड कुणी देत नाही, पण फाटकं द्यायला कुणाची ना नसते. कारण ते बिघडलं तरी बिघडणार ते काय? हा बाजार गावोगावी पडून आहे आणि कुठल्याही क्लासात त्याचा धडा नाही. शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात तिच्याकडं रांग लागते. भांगलणीला ती अजून जाते, पण आता तिच्या मर्जीनं जाते.

माझं मागणं फार नाही. मशीन वाटणाऱ्यांनी मशीनच्या सहा महिने आधी प्रत्येक बाईला एक सुयांची पुडी, एक रीळ, एक बरी कात्री आणि पाच मीटर मांजरपाट द्यावं. सहा महिन्यांनी जी पिशवी, अभ्रा आणि झबलं घेऊन येईल तिला मशीन द्यावं. येईल तोही चालेल. त्या दिवशी फोटो हवा तर मशीनचा नको, उलटी बाजू वर करून त्या झबल्याचा काढा. शाळांनी पोरा-पोरींना एकाच वर्गात बसवून बटण, टीप आणि ठिगळ शिकवावं. आणि घराघरातल्या माझ्या वयाच्या दाभणवाल्यांनी नातवापुढं उघड्यावर बसून सुई ओवावी. डोळ्यांना दिसत नसेल तर ओवून नातवाकडनं घ्यावी.

परवाच निरोप आलाय. गावात पुन्हा मशीनवाटप आहे आणि ज्येष्ठ शेतकरी म्हणून मला मंचावर बोलावलंय. फेटा बांधायचा का नाही ते अजून ठरवलं नाही. पण दाभण आणि जुनी लुंगी पिशवीत घालून ठेवली आहे. पिशवी त्या पोरीनं शिवलेली, पहिली. तिचा एक बंद अजून तिरपाच आहे.